चौदा तारखेचा रकाना

"बाई, तिकडे नाही. आज इकडे."

पुकारा करणाऱ्या शिपायाने हे अगदी हळू सांगितलं, दुसऱ्या कोणाच्या कानावर जाऊ नये इतकं हळू. तरी बाईंना ते सुनावणीच्या खोलीभर घुमल्यासारखं वाटलं. त्यांनी आपली फाइल डाव्या टेबलावर ठेवली होती, चष्म्याचं घर उघडलं होतं, पेनाचं टोपण काढून मागे लावलं होतं. तीस वर्षं असंच चालत आलं होतं. डावं टेबल सरकारचं. उजवं टेबल सरकारकडे काही मागायला आलेल्यांचं.

"अगंबाई, खरंच की!" त्या हसल्या. "पायांना कोण सांगणार आज काय आहे ते?"

"होतं असं," शिपाई म्हणाला. "मी घरीसुद्धा बायकोला तीनदा पुकारतो. ती म्हणते, हजर आहे, पुढे बोला."

बाईंनी सामान गोळा केलं आणि उजवीकडच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. बसल्या तशी खुर्ची डाव्या अंगाला कलली. त्या सावरल्या, तर ती उजवीकडे कलली. वाकून पाहिलं, तेव्हा कळलं की एक पाय आखूड आहे. फार नाही, करंगळीच्या नखाच्या जाडीएवढा. पण तेवढ्याने माणसाला स्वस्थ बसता येत नव्हतं. तीस वर्षांत या खुर्चीवर बसलेली शेकडो माणसं त्यांनी समोरच्या टेबलावरून पाहिली होती. खुर्ची डुगडुगते हे त्यांना आज समजलं.

आज बाई सरकारच्या वकील नव्हत्या. एक दिवसाची रजा टाकून, स्वतःचं काम घेऊन, सरकारसमोर आल्या होत्या. काम होतं दादाचं.

दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ, सोळा वर्षांनी मोठा. आईवडील बाईंच्या लहानपणीच गेले, तेव्हापासून त्यांची आई तोच आणि बाप तोच. जुन्या देशात, त्यांच्या गावात, दादाचं बाइंडिंगचं दुकान होतं. वह्या, हिशेबाच्या चोपड्या, फाटकी पुस्तकं, सगळं तो शिवून, चिकटवून, कापड चढवून द्यायचा. शाळेतून आल्यावर बाई त्याच्या शेजारी बसून कागदांच्या घड्या घालायच्या. दादाने शिकवलेलं त्यांना अजून शब्दाला शब्द आठवत होतं. "कागद आधी त्याच्या कलानं दुमडायचा, चिमे. मग अंगठ्याचं नख फिरवायचं. एकदाच, एका दमात. दोनदा फिरवलं की कागद दुखावतो."

सव्विसाव्या वर्षी बाई नवऱ्याच्या नोकरीपायी या देशात आल्या. कडेवर लेक होती, पेटीत वकिलीची पदवी होती आणि कायद्याची जाडजूड पुस्तकं. पेटीत मावेनात म्हणून दादाने त्या पुस्तकांचे सुटे भाग करून प्रत्येकाला वेगळं बाइंडिंग केलं होतं. इथे आल्यावर कळलं, की ती पदवी इथे चालत नाही आणि ती पुस्तकंही चालत नाहीत. बाई चार वर्षं पुन्हा पहिल्यापासून कायदा शिकल्या. दिवसा एका गोदामात पार्सलांवर पत्ते चिकटवायच्या आणि संध्याकाळी वर्गात बसायच्या. मग एकदाची सरकारी वकिलांच्या कार्यालयात नोकरी लागली. पहिल्याच दिवशी वरिष्ठांनी त्यांचं बोलणं पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "लिहिणं उत्तम आहे तुमचं. बोलण्यात मात्र जरा तिकडचा हेल आहे. तुम्ही असं करा, उशिराची टेबलं सांभाळा."

उशिराचं टेबल म्हणजे काय, ते सोपं आहे. निकाल मान्य नसेल तर ठरलेल्या मुदतीत अपील करायचं असतं. पण सरकारची फाइल या खात्यातून त्या खात्यात जाते, तिथे कोणाच्या तरी टेबलावर विसावते, कुठे सही राहते, कुठे शिक्का राहतो, आणि मुदत निघून जाते. मग अर्ज करायचा, की साहेब, उशीर झाला खरा, पण त्याला कारण होतं, माफ करा. सोबत एक तक्ता जोडायचा. डावीकडे तारीख, उजवीकडे कारण. जितके दिवस उशीर, तितके रकाने. एकही रकाना रिकामा ठेवून चालत नाही.

बाईंचं आयुष्य हे रकाने भरण्यात गेलं. संबंधित कारकून रजेवर होते. शिक्का दुरुस्तीला गेला होता. छत गळत असल्याने कपाट हलवलं होतं. बाईंनी असं लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटावं, अरेरे, सरकारने तरी काय करावं! आणि एखाद्या साध्या माणसाला उशीर झाला असेल, तर त्याच्या तक्त्यातला एकेक दिवस तपासून हरकत घेणं, हेही बाईंचंच काम. त्यांच्यामागून आलेले लोक मोठमोठे खटले लढवून वर गेले. बाई त्याच टेबलावर राहिल्या. कार्यालयात त्यांना पाठीमागे 'उशीरबाई' म्हणत. पुढे तोंडावरही म्हणायला लागले. बाई रागावत नसत. "असू दे रे," म्हणायच्या, "माझ्यामुळे कोणाला तरी कामाला वेळेवर यावंसं वाटतंय का बघा."

निवृत्तीला आता चार महिने उरले होते. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला. तिकडे तीन वर्षांमागे वहिनी गेली. दादाला मूलबाळ नव्हतं, एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं, आणि वय शहात्तर. दुकान त्याने दुसऱ्याला देऊन टाकलं होतं आणि त्याच दुकानामागच्या खोलीत तो राहत होता. नव्या मालकाला आता ती खोलीही हवी होती.

म्हणून बाईंनी दादाला इकडे आणायचं ठरवलं. अर्ज केला. दोन वर्षं वाट पाहिल्यावर परवाना तत्त्वतः मंजूर झाला. आता साठ दिवसांत दादाचे मूळ कागद दाखल करायचे, एवढंच बाकी होतं. मुदत चुकली तर फाइल बंद, आणि पुढची तीन वर्षं नवा अर्ज करता येत नाही. बाईंच्या लेकीने खिडकीजवळच्या खोलीत पलंग लावला, टेबल ठेवलं, त्यावर दिवा ठेवला. मामा स्वस्थ बसणारा नाही, काही ना काही शिवत बसेल, हे तिला माहीत होतं.

कागद अडतिसाव्या दिवशी आले. बाई ते घेऊन परवाना कचेरीच्या खिडकीवर गेल्या. कारकुनाने जन्माचा दाखला हातात घेऊन वाकवला. दाखला वाकला आणि टणकन सरळ झाला.

"हे काय?"

"जन्माचा दाखला."

"तो आतला. बाहेर काय आहे?"

"प्लॅस्टिक. भावाने लॅमिनेशन केलंय. खराब होऊ नये म्हणून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"बाई, तुम्ही तर सरकारी वकील ना? मूळ कागद लागतो. याच्यावर आमचा शिक्का उमटत नाही. आतला शिक्का खरा की छापलेला, ते हाताला कळत नाही. नवीन आणा."

बाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. पण दादाला कागद पाठव म्हणून सांगताना, तसाच पाठव, असं सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी दाखल्यावर फडकं ठेवून हलकी इस्त्री फिरवली आणि एका कोपऱ्यातून प्लॅस्टिक सोडवायला घेतलं. प्लॅस्टिक सुटलं, पण दादाच्या नावाची पहिली दोन अक्षरं त्याला चिकटून वर आली. त्यांनी हात आवरला.

"अरे दादा, प्लॅस्टिक कशाला घातलंस?" त्यांनी फोनवर विचारलं.

"कशाला म्हणजे? एवढ्या लांब पाठवायचं. वाटेत कोणी चहा सांडला तर? चांगलं जाड घेतलंय मी. दोनदा काढलं मशीनमधून."

"ते चालत नाही रे इथे."

"चालत नाही कसं? नीट बघितलंस का तू? एक बुडबुडा नाही त्याच्यात, चिमे. एक दाखव."

बाई काय दाखवणार? खरोखरच एकही बुडबुडा नव्हता.

मग दादाची पायपीट सुरू झाली. नोंदणी कचेरीत कधी साहेब नाहीत, कधी वही सापडत नाही, कधी वही आहे पण ते पान दुसऱ्या वहीत शिवलं गेलंय. "कोणी बांधली ती वही, बघायला पाहिजे एकदा," दादा चिडून म्हणाला. एकदा त्याने तिथल्या कारकुनाला ठणकावून सांगितलं, की माझी बहीण सरकारी वकील आहे.

"मग काय म्हणाला तो?" बाईंनी विचारलं.

"म्हणाला, कुठल्या सरकारची? त्यावर मला काही सुचलंच नाही बघ."

दोघंही खूप हसली. मुदत संपायला तेव्हा पाच दिवस होते.

मुदत पंचवीस तारखेला संपली. नवे कागद पुढच्या महिन्याच्या तेरा तारखेला संध्याकाळी, खिडकी बंद झाल्यावर हातात पडले. बाईंनी ते दाखल केले पंधरा तारखेला. वीस दिवसांचा उशीर. त्यांनी विलंबमाफीचा अर्ज लिहिला, तक्ता आखला. हजारो तक्ते लिहिलेला हात होता तो. नोंदणी कचेरीच्या पावत्या, टपालाच्या पावत्या, दादाच्या फेऱ्यांच्या तारखा, सगळं जिथल्या तिथे बसलं. फक्त चौदा तारखेचा रकाना रिकामा राहिला.

त्या दिवशी कागद घरात होते, कचेरीची खिडकी उघडी होती, बाई बरोबर साडेनऊला तयार झाल्या होत्या. निघण्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून त्यांनी कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. शेवटच्या पानावर दादाची सही होती. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस. पण सही ओळीवरून सुटली होती, खाली घसरली होती, मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली होती, आणि शेवटचं अक्षर कागदाच्या कडेपर्यंत कापत गेलं होतं. बाई त्या सहीकडे बघत खुर्चीवर बसल्या. वर पाहिलं तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवरून उतरून गेलं होतं आणि खिडकी बंद व्हायची वेळ टळली होती.

"मग तसं लिही," लेक आज सकाळी डबा भरता भरता म्हणाली होती.

"तसं चालत नाही."

"नाही चालत तर दुसरं लिही. आई, तीस वर्षं तू सरकारसाठी लिहिलंस. छत गळत होतं म्हणे! कुठल्याच छताखाली जाऊन बघितलं नव्हतंस तू. एक वाक्य मामासाठी लिहायला तुझी बोटं झडतात?"

"ती माझी वाक्यं नव्हती गं. मला खात्यातून लिहून यायचं."

"मग मी देते लिहून," लेक म्हणाली, आणि डब्याचं झाकण तिने जरा जोरातच लावलं.

आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये धाकटीही हेच म्हणाली होती. धाकटी म्हणजे कार्यालयातली नवी सरकारी वकील. बाईंच्याच हाताखाली शिकली. बाई मोठ्या, ती धाकटी, असं सगळे म्हणत. बाईंच्या अर्जाला विरोध करायला खात्याने तिलाच उभं केलं होतं. तिने दोनदा नाही म्हणून पाहिलं. कार्यालयातले साहेब म्हणाले, उशिराचं टेबल आता तुझं आहे, सुरुवात कुठून तरी होणारच.

चहाचा कप दोन्ही हातांत धरून धाकटी खालच्या आवाजात म्हणाली होती, "बाई, चौदा तारखेला 'ताप' लिहा. डॉक्टरचा कागद मी मागणार नाही. न्यायाधीश साहेबही मागणार नाहीत, तुम्ही आहात म्हटल्यावर."

"आणि ते वाक्य?"

धाकटीने मान खाली घातली. "ते वाचावंच लागेल मला. पण रकाना भरलेला असला तर ते लागूच होत नाही ना."

ते वाक्य दोघींनाही पाठ होतं. कायद्याच्या पुस्तकात बाईंचं तेवढं एकच वाक्य छापलं गेलं होतं. बावीस वर्षांपूर्वीच्या एका निकालात न्यायाधीशांनी ते त्यांच्या तोंडून जसंच्या तसं उचललं होतं: बसून राहणे हे कारण होऊ शकत नाही. तेव्हापासून उशिराच्या प्रत्येक प्रकरणात ते वाचलं जात होतं.

मूळ तक्ता सुनावणीच्या वेळीच द्यायचा होता. आज सकाळी निघताना बाईंनी चौदा तारखेच्या रकान्यात शेवटी लिहिलं: ताप. पण पेन्सिलीने.

आता न्यायाधीश आत आले. सगळे उभे राहिले, बसले. बाईंची खुर्ची पुन्हा कलली. न्यायाधीश वयाने बाईंपेक्षा बरेच लहान होते. नवे होते तेव्हा बाईंचे अर्ज वाचत वाचतच ते शिकले होते.

"मोठ्या बाई, तुम्हाला त्या टेबलावर बघायची सवय नाही आम्हाला."

"मलाही नाही, साहेब."

खोलीत थोडं हसू झालं. धाकटी उठली. तिने सुरुवात चांगली केली. वीस दिवसांपैकी एकोणीस दिवसांवर सरकारची हरकत नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं. मग म्हणाली, "कायदा मात्र साहेबांसमोर ठेवणं माझं काम आहे." आणि तिने जुना निकाल वाचायला घेतला. "अर्जदार, व्यवसाय शिवणकाम. अकरा दिवसांचा उशीर..."

बाईंना तो निकाल वाचून दाखवायची गरज नव्हती. शिवणकाम करणारी ती बाई याच खोलीत आली होती. याच खुर्चीवर बसली होती. एका सरकारी इमारतीची भिंत कोसळून तिचा मुलगा गेला होता. चूक सरकारची होती, एवढं तिला लिहून हवं होतं. दुसरं काही नको होतं. अर्जाला अकरा दिवस उशीर झाला, त्यातल्या दहा दिवसांचं कारण तिने दिलं. अकराव्या दिवसाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यातनं त्याचे कपडे परत आले. धुऊन, घड्या घालून. मी बसून राहिले."

तेव्हा बाई अडतीस वर्षांच्या होत्या. आठ वर्षं कोणी त्यांना नीट बोलू दिलं नव्हतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा समोरच्या बाकांवर वरिष्ठ येऊन बसले होते. बाई उठल्या. हेल सांभाळत, एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "बसून राहणे हे कारण होऊ शकत नाही." आणि मग बोट दाखवून आणखी एक गोष्ट म्हणाल्या. ती निकालात आली नाही, पुस्तकात छापली नाही, म्हणून धाकटीला माहीत नव्हती. बाई म्हणाल्या होत्या, "साहेबांनी अर्जदाराकडे पाहावं. उत्तर देताना त्यांना एका जागी स्थिर बसतासुद्धा येत नाही. खरं बोलणारा माणूस असा चुळबुळत नाही."

न्यायाधीशांनी पाहिलं होतं. ती बाई खरोखरच एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला होत होती. टेबलाची कड धरून स्वतःला सावरत होती.

बाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली होती. हात सोडला तशी खुर्ची कलली.

"बाई?" न्यायाधीश म्हणत होते. "मी विचारतोय, चौदा तारखेच्या रकान्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. मला नीट लागत नाही. काय आहे ते?" त्यांनी अर्ज दूर धरला, पुन्हा जवळ आणला. तब्येतीचं काही असेल तर सांगून टाका, बाई, असा त्यांचा चेहरा होता. अक्षर न लागण्याइतकं काही त्यांचं वय झालं नव्हतं. धाकटी कागदांत मान घालून उभी होती.

एक शब्द म्हणायचा होता. तिकडे दादा फोनजवळ बसला असेल, हे बाईंना माहीत होतं. खिडकीजवळचा पलंग डोळ्यांसमोर होता. त्या उठल्या.

"ते खोडून टाका, साहेब."

"मग त्या दिवशी काय झालं होतं?"

"कागद घरी होते. मी तयार झाले होते. तब्येत बरी होती," बाई म्हणाल्या. "मी बसून राहिले."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, हे मी नोंदवून घेतलं तर काय होईल, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे."

"हो, साहेब. आणखी एक नोंदवून घेता आलं तर घ्या. ही खुर्ची डुगडुगते. पूर्वीपासून डुगडुगत असावी."

न्यायाधीशांना काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली, पण ते लिहून घेतलं नाही.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर झाला. चार ओळींचा. चौदा तारखेचं कारण कायद्यात बसत नाही. विलंब माफ करता येत नाही. फाइल बंद. न्यायाधीशांनी तो मान वर न करता वाचला.

धाकटी व्हरांड्यात बाईंची वाट पाहत उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते. "का केलंत असं?" ती म्हणाली. "मी सगळं सोडून दिलं होतं. एक शब्द, बाई. तुमच्या दादांचा तरी विचार करायचा होता."

 हेच बाई सुनावणीपासून स्वतःलाही विचारत होत्या. त्यांनी धाकटीच्या काळ्या कोटाची वळलेली कॉलर सरळ केली.

"मांडलंस छान. फक्त आधी पान सांगायचं, मग वाक्य वाचायचं. म्हणजे साहेबांना पान उघडायला वेळ मिळतो."

"बाई, पुरे ना..."

"आणि एक. समोरच्याकडे बोट दाखवायचं नाही. कधीच नाही. आपल्याला इथून त्याची खुर्ची दिसत नसते."

मग त्या जिन्याखालच्या शांत कोपऱ्यात गेल्या आणि दादाला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"बोल, चिमे."

"दादा, नाही झालं रे."

पलीकडे दादा खाकरला. "बरं. पुन्हा अर्ज करता येतो ना पण?"

"तीन वर्षांनी."

"तीन ना? मग तीन काय, जातील. मी म्हटलं दहाबिहा सांगतेस की काय." मग हळू म्हणाला, "माझ्या प्लॅस्टिकनं घात केला सगळा."

"नाही दादा. प्लॅस्टिकचं माफ झालं. ते सगळे दिवस त्यांनी मान्य केले."

"मग?"

"एक दिवस माझा होता."

दादाने कोणता दिवस, काय दिवस, असलं काही विचारलं नाही. लहानपणी बाईंकडून एखादा कागद वाकडा दुमडला गेला, की तो न बोलता बाजूला ठेवून दुसरा द्यायचा, तसाच त्याने हा विषयही बाजूला ठेवला. मग म्हणाला, "खोलीचं बघतो मी काहीतरी. तू जीवाला लावून घेऊ नकोस. आणि ऐक, तो जुना दाखला टाकू नकोस हां. ठेव तुझ्याकडे. तो शंभर वर्षं खराब व्हायचा नाही."

"ठेवते," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या घरी निघाल्या, दारापर्यंत गेल्या, आणि परत फिरल्या. सुनावणीची खोली रिकामी झाली होती. शिपाई खिडक्या लावत होता. बाई उजव्या टेबलाजवळ गेल्या. फाइलमधून आपल्या अर्जाची प्रत काढली, त्यातलं तक्त्याचं पान वेगळं केलं. उभं दुमडलं, आडवं दुमडलं, पुन्हा उभं. दर घडीला अंगठ्याचं नख फिरवलं, एकदाच, एका दमात. वीस दिवसांची जाड, घट्ट, चौकोनी घडी झाली. मग टेबलाला धरून त्या सावकाश गुडघ्यांवर बसल्या. गुडघे वाजले. त्यांनी खुर्ची किंचित उचलून घडी आखूड पायाखाली सरकवली.

"अहो बाई, काय करताय हे? मला सांगायचं ना," शिपाई धावत आला. खाली बघून त्याला समजलं. "हे राहणार नाही पण. सकाळी झाडायला येते ती बाई केरात काढून टाकेल."

"माहीत आहे."

शिपायाने हात देऊन त्यांना उठवलं. बाईंनी खुर्चीच्या पाठीवर तळहात दाबून पाहिला. मग त्या खुर्चीवर बसल्या, पाठ टेकली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. खुर्ची हलली नाही.

"घरी नाही जायचं, बाई? कुलूप लावायचंय मला."

"हो," बाई म्हणाल्या. "जरा बसते."

शिपाई किल्ल्या हातात घेऊन दाराशी उभा राहिला. समोरचं डावं टेबल रिकामं होतं.